मॉडेल रेल्वेच्या क्रॉसओव्हरसाठी टर्नआउट कोणते घ्यावेत? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एचओ (१:८७ मापाच्या) लेआउटवर दोन समांतर मार्ग क्रॉसओव्हरने, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या तिरक्या जोडमार्गाने, जोडायचे आहेत. जागा कमी आहे. ४ नंबरचे टर्नआउट (एका मार्गाचे दोन फाटे करणारे रूळ) घेतले तर एलएचबी या भारतीय रेल्वेच्या लांब प्रवासी डब्यांची गाडी चालेल का? (नाशिक)

उत्तर : पुढे ओढताना कदाचित पार होईल, पण गाडी मागे ढकलली की डबे रुळावरून उतरण्याची भीती आहे. ४ नंबर म्हणजे फ्रॉगपाशी (दोन्ही फाट्यांचे रूळ एकमेकांना छेदतात तिथे) ४ सेंमी पुढे गेल्यावर रूळ १ सेंमी बाजूला सरकतो, ६ नंबरला त्यासाठी ६ सेंमी लागतात. क्रॉसओव्हरमध्ये अशी दोन वळणे पाठोपाठ आणि विरुद्ध दिशांची येतात. एलएचबी डब्याचा सांगाडा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे १:८७ मापात सुमारे २७ सेंमी. एक डबा एका वळणावर आणि त्याला जोडलेला दुसरा उलट्या वळणावर असला की दोघांची टोके विरुद्ध बाजूंना जातात आणि कपलिंग चाकांना आडवे ओढते.

अमेरिकेतील एनएमआरए या मॉडेल रेल्वे संस्थेच्या शिफारशीत एचओच्या ४ नंबर टर्नआउटमधील वळणाची त्रिज्या १५ इंच आहे, ६ नंबरची ४३ इंच. नंबर दीडपट होतो, त्रिज्या मात्र जवळजवळ तिप्पट! म्हणून ४ नंबर मालगाडीच्या यार्डात, आखूड वाघिणींसाठी ठेवा. मुख्य मार्गावरच्या क्रॉसओव्हरला किमान ६, आणि लांब प्रवासी गाड्या हाच तुमचा जीव असेल तर ८. भारतीय रेल्वेतही प्रवासी मार्गांवर साधारणपणे १:१२ चे टर्नआउट असतात, १:८.५ यार्डात. जागा वाचवायचीच असेल तर साइडिंगमध्ये वाचवा.

प्रश्न : पेको या मॉडेल रूळ बनवणाऱ्या कंपनीच्या स्ट्रीमलाइन मालिकेत स्मॉल, मीडियम, लार्ज असे तीन प्रकार आहेत. तिघांचा कोन १२ अंशच आहे, मग फरक काय? (ठाणे)

उत्तर : फरक वळणात आहे. त्रिज्या अनुक्रमे ६१०, ९१४ आणि १५२४ मिमी, तर लांबी १८५, २१९ आणि २५८ मिमी. कोन एकच असल्याने कोणतीही सारखी जोडी लावली तरी मार्गांच्या मध्यांतले अंतर ५० मिमीच येते. स्मॉलऐवजी मीडियमची जोडी घेतली तर क्रॉसओव्हर जेमतेम ७ सेंमीने लांबतो. तेवढ्यासाठी स्मॉल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र हे ५० मिमी सरळ भागापुरतेच. वळणावर लांब डब्यांचे कोपरे बाहेर येतात, तिथे मार्गांमध्ये जास्त अंतर ठेवा. पेकोच्या सेटट्रॅकचे अंतर ६७ मिमी असते, त्यामुळे दोन्ही मालिका मिसळताना आधी कागदावर पूर्ण आकारात आखून पाहा.

प्रश्न : डावे टर्नआउट घ्यायचे की उजवे? (पुणे)

उत्तर : एका क्रॉसओव्हरला दोन्ही एकाच हाताचे लागतात. आपल्याकडे दुहेरी मार्गावर गाड्या डावीकडून धावतात. गाडी थांबून, उलटी येऊन पलीकडच्या मार्गावर जाणार असेल तर दोन डावे. धावतानाच थेट मार्ग बदलायचा असेल तर दोन उजवे.

प्रश्न : इलेक्ट्रोफ्रॉगचा क्रॉसओव्हर जोडल्याबरोबर शॉर्ट होतो. टर्नआउट खराब आहेत का? (न्यू जर्सी)

उत्तर : बहुधा नाहीत. इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये फ्रॉगला वीज असते आणि सांधा (टर्नआउटचे हलणारे रूळ) फिरला की तिची बाजू बदलते. दोन फ्रॉगमधले दोन्ही रूळ धातूच्या जॉइनरने (रुळांची टोके जोडणाऱ्या पट्टीने) जोडले की शॉर्ट होणारच. त्या दोन्ही रुळांवर प्लास्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर लावा आणि प्रत्येक फ्रॉगला स्विचमधून वेगळी वीज द्या. इन्सुलफ्रॉगमध्ये फ्रॉगला वीज नसल्याने ही कटकट नाही, पण त्या निर्जीव तुकड्यावर लहान शंटिंग इंजिन अडकते. डीसीवर (साध्या कंट्रोलरच्या पद्धतीत) दोन मार्गांना वेगळे कंट्रोलर असतील तर हे जॉइनर इन्सुलफ्रॉगलाही हवेतच. दोन्ही सांधे एकाच बटणाने फिरवा. सोलेनॉइड मोटर (वीजचुंबकाच्या झटक्याने सांधा फिरवणाऱ्या) असतील तर कपॅसिटर डिस्चार्ज युनिट (वीज साठवून एकदम सोडणारे) बसवा, नाहीतर एक सांधा फिरतो आणि दुसरा अर्ध्यात राहतो.