सांभरचं मीठ कुठून येतं? आणि आणखी तीन प्रश्न

समुद्र इतका लांब असताना राजस्थानातल्या सांभर तलावात एवढं मीठ आलं कुठून?

या तलावात पाणी यायला वाटा आहेत, बाहेर पडायला एकही नाही. मेंढा, रूपनगढ या नद्या आणि काही ओढे पावसाळ्यात भरून येतात. खडक झिजताना सुटलेले क्षार त्या पाण्यात असतात, पण इतके थोडे की जिभेला कळणारही नाहीत. पाणी उथळ बशीत साठतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय. कच्छच्या रणातून वाऱ्याबरोबर मीठ येतं, हे जुनं मत तुम्ही वाचलं असेल. मला नद्यांचं स्पष्टीकरण जास्त पटतं.

मे महिन्यात गेलो तर पाण्याचा टिपूसही नव्हता. तलाव मेला का?

नाही, आटणं हा त्याचा स्वभावच आहे. चांगल्या पावसानंतर पाणी 3 मीटरपर्यंत चढतं, उन्हाळ्यात जेमतेम 60 सेंटिमीटर उरतं, आणि पाऊस कमी झाला तर तेवढंही नाही. पण त्या पांढऱ्या पापुद्र्यावर पाय ठेवून बघा. कुरकुर आवाज होतो, पापुद्रा फुटतो आणि खाली काळाशार, ओला, उग्र वासाचा चिखल लागतो. पाणी तिथे दडलेलं असतं, दाट मिठवणी होऊन. कंदिलाच्या वातीत तेल चढावं तशी ती मातीतून वर चढते, वाळते आणि पापुद्रा जाड होत जातो.

काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. नद्यांवर वरच्या अंगाला बंधारे झालेत आणि बोअर मारून बेकायदा मिठवणी उपसली जाते. पाणीच पोहोचलं नाही, तर आटायला तरी काय उरणार? 1990 पासून हा तलाव रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. त्याच्या पाणलोटालाही तेवढंच जपायला हवं.

मीठ पिकवायच्या काही वाफ्यांतलं पाणी गुलाबी का दिसतं?

ड्युनालिएला नावाचं शेवाळ आणि मीठप्रेमी सूक्ष्मजीव यांच्यामुळे. खारटपणा वाढला की त्यांची लाल-नारिंगी रंगद्रव्यं उठून दिसतात.

2019 मध्ये पक्षी मिठामुळे मेले का?

त्या नोव्हेंबरमध्ये हजारो पक्षी गेले. तपासणीत निदान झालं बॉट्युलिझमचं. प्राणवायू नसलेल्या चिखलात किंवा मेलेल्या पक्ष्याच्या अंगात जिवाणू विष तयार करतात. मढ्यावरच्या अळ्यांना ते बाधत नाही, पण त्या अळ्या खाणारा पक्षी लुळा पडतो, मान टाकतो आणि मरतो. मग त्याच्याही अंगात अळ्या पडतात. म्हणून मेलेला पक्षी दिसला की लगेच वनखात्याला कळवा. मढी जितक्या लवकर उचलली जातील, तितके पक्षी वाचतील.