गिरमिटिया आणि सुताराचं गिरमिट

प्रश्न असा आहे: ‘फिजीच्या उसाच्या मळ्यांवर नेलेल्या हिंदी मजुरांना गिरमिटिया म्हणत. सुताराच्या गिरमिटासारखं त्यांना पिळून काढत, म्हणून हे नाव पडलं, असं वाचलं. खरं का?’

अजिबात नाही. ही व्युत्पत्ती मी व्याख्यानांतून ऐकतो, लेखांतून वाचतो आणि दर वेळी चीड येते. गिरमिट लाकडाला भोक पाडतं, ते काही पिळून काढत नाही. शिवाय हत्यारावरूनच नाव पडायचं, तर ते सुताराला पडलं असतं. हुबळी-धारवाडचं चुरमुऱ्यांचं गिरमिट तर बाजूलाच ठेवू.

मजुरांचं गिरमिट म्हणजे ‘ॲग्रीमेंट’, मजुरीचा करारनामा. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास लिहिताना गांधीजींनीही हेच सांगितलं आहे. ‘इया’ हा प्रत्यय हिंदी-भोजपुरीतला, रसोइयातला. पण ‘ॲग्रीमेंट’चं गिरमिट झालं कसं, हे पाहण्यासारखं आहे. आरंभीचा दुबळा स्वर गळणं ही आपल्या भाषांची जुनी खोड. अरण्याचं रान झालं, अरघट्टाचा रहाट झाला, तसा ‘ॲग्रीमेंट’चा ‘ॲ’ गेला. उरलेला ‘ग्री’ जिभेला जड, म्हणून तो ‘गिर’ असा फुटला. ग्राहकाचं गिऱ्हाईक होताना हेच घडलं. अडाणी माणसानं साहेबाचा शब्द बिघडवला असं म्हणतात, ते मला मान्य नाही. शेकडो वर्षं चालत आलेल्या उच्चाराच्या वाटेनंच हा शब्दही गेला.

आता शेवटचा ‘मेंट’. त्याचं फार तर ‘मिंट’ व्हायला हवं होतं. मग अनुस्वार कुठं गेला? इथं माझं मत ठाम आहे. ‘गिमलेट’ या इंग्रजी हत्यारनावाचं ‘गिरमिट’ मराठीत झालं तसंच हिंदीतही झालं. कानावर नवा परका शब्द पडला की माणूस तो ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसवतो. ‘गिरमेंट’ला तयार साचा मिळाला तो या हत्याराच्या नावाचा. अर्थाची देवाणघेवाण शून्य, पण ध्वनीची जरूर. कोशकार दोन्ही गिरमिटं शेजारी छापतात, एकापुढं ‘गिमलेट’ आणि दुसऱ्यापुढं ‘ॲग्रीमेंट’ लिहितात आणि मोकळे होतात. दोन वेगळे इंग्रजी शब्द नेमके एकाच रूपावर येऊन का थांबले, हा प्रश्न त्यांना पडतच नाही!

गिरमिटिया म्हणजे गुलाम, असंही सर्रास लिहितात. गुलामीला मुदत नसते, गिरमिटाला होती. फिजीचं गिरमिट पाच वर्षांचं. पुरुषाला दिवसाला एक शिलिंग, बाईला नऊ पेन्स, जाताना प्रवास फुकट, आणि परतीचा फुकट प्रवास मात्र वसाहतीत दहा वर्षं काढल्यावर. कागदावर नीट दिसतं. पण करार मोडणं हा तिथं फौजदारी गुन्हा होता, म्हणजे कामावर न गेल्याबद्दल मजुराला तुरुंग दाखवता येई. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून जास्त माणसं या कागदावर फिजीला गेली. तिथं गिरमिट हा शब्द त्या कागदाचा न राहता त्या पाच वर्षांचाच झाला.

तिथल्या मळ्यांवरच्या हुद्द्यांची नावंही पाहा. मजुरांच्या टोळीवरचा हिंदी मुकादम म्हणजे ‘सरदार’. आपल्याला सरदार म्हटलं की शिंदे-होळकर आठवतात, तिथं तो पहाटे माणसं बाहेर काढणारा. त्याच्यावरचा गोरा ओव्हरसियर म्हणजे ‘कुलंबर’. हा तर माझा सर्वांत लाडका शब्द! तो हजेरीला ‘कॉल नंबर’ असं ओरडे, आणि ज्यांना नावाऐवजी आकड्यानं पुकारलं जाई त्यांनी ती आरोळीच त्याचं नाव म्हणून त्याला चिकटवली.

‘कुली’चा विषय इथं येणारच. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात या शब्दाचं मूळ पश्चिम हिंदुस्थानातल्या कोळी जमातीच्या नावात शोधलं, तमिळ ‘कूली’ला दुय्यम जागा दिली, आणि आपले लेखक आजही ते डोळे मिटून उतरवतात. मला ते मुळीच पटत नाही. कोळीपासून निघायचं तर ‘ओ’चा ‘ऊ’ का झाला ते सांगा, जातीच्या नावाला मजुराचा अर्थ का आला तेही सांगा. तमिळमध्ये ‘कूली’ म्हणजे मजुरी, रोजगार, कानडीतही तेच. मजुरीवरून मजूर, एवढी एकच पायरी. बेगारीवरून आपला बिगारी तसाच झाला. तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ काव्यग्रंथाच्या ६१९ व्या कुरळात, म्हणजे द्विपदीत, ‘कूली’ कष्टाच्या मोबदल्याच्या अर्थानंच आला आहे, आणि तो ग्रंथ पोर्तुगीज गलबतं आपल्या किनाऱ्याला लागण्याच्या कित्येक शतकं आधीचा. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या कोकणी माणसांनाही कागदोपत्री ‘कुली’च म्हटलं गेलं, आणि त्यांतले सगळे काही कोळी नव्हते.