घर सोडलं, कर्ज कुठे सुटलं?

"मॅडम, कोर्टाच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय. फ्लॅट त्याचा, हप्ते त्याचे. मग बँकेचा फोन मला का?"

समोर बसलेली बाई पुण्यातल्या एका शाळेत शिक्षिका. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) संमतीने घटस्फोट होऊन चौदा महिने झाले होते. सिंहगड रस्त्यावरचा टू बीएचके सोडून ती लेकीला घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत गेली होती. स्कूटरसाठी कर्ज मागायला गेली, तर अर्ज नामंजूर. सिबिल रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालात, गृहकर्जाचे तीन हप्ते थकल्याची नोंद. तीही त्याच सोडलेल्या घराची.

हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे सारखा येतो. उत्तर कुणालाच आवडत नाही. कोर्टात तुम्ही दोघं होता, बँक नव्हती. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या आहेत, आणि सहकर्जदार म्हणजे अर्ध्या कर्जाचा धनी नव्हे. एकाने भरलं नाही तर बँक सगळी रक्कम दुसऱ्याकडे मागू शकते. 'हप्ते पती भरेल' या अटीचा उपयोग एवढाच की त्याने ती मोडली तर तुम्ही त्याच्याविरुद्ध कोर्टात दाद मागू शकता. बँक त्या अटीने बांधली जात नाही.

"मग वकिलांनी सांगितलं का नाही?"

सांगितलं असेलही. त्या दिवसांत माणसाच्या कानात शिरतं किती?

तिच्या बोलण्यावरून मी मनात एक बेफिकीर नवरा रंगवून ठेवला होता. आला तो नोकरी बदललेला, दमलेला माणूस. पगाराचं खातं बदललं, जुन्या खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत जाऊ लागला, याला कळेपर्यंत तीन महिने गेले. तिचं नाव कर्जातून काढायला तो एकदा बँकेत गेला होता. बाकी ३१ लाख, आणि त्याच्या एकट्याच्या पगारावर बँक २४ लाखच धरत होती. परत आला आणि गप्प बसला. तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "तुला जमणारच नव्हतं." हे वाक्य ऐकायला नको म्हणून चौदा महिने!

दोघं एकत्र बसले त्या पहिल्या दिवशी कर्जाचा विषयच निघाला नाही. पाऊण तास देवघरावर गेला. सागवानी, तिच्या आईने दिलेलं, अजून त्या फ्लॅटमध्येच. मी थांबवलं नाही. देवघराचं बोलून झाल्याशिवाय आकड्यांवर येता येत नाही, हे मला अनुभवाने कळलंय.

दुसऱ्या वेळी कागद पुढे घेतला. घर विकून कर्ज फेडायचं, त्याने एकट्याने उचलायचं, किंवा कुणी नवा सहकर्जदार आणायचा. माझं मत विकण्याकडे होतं आणि ते मी बोलून दाखवलं. तो तयार नव्हता. त्याची आई तिथे राहते. शेवटी मोठा भाऊ सहकर्जदार व्हायला राजी झाला आणि दुसऱ्या एका बँकेने कर्ज आपल्याकडे घेतलं. व्याजदर बदलता होता, त्यामुळे जुन्या बँकेला मुदतपूर्व फेडीचा दंड द्यावा लागला नाही. रिझर्व्ह बँकेने अशा वैयक्तिक गृहकर्जांवरचा तो दंड केव्हाच बंद केला आहे.

एवढ्यावर संपेल असं वाटलं होतं. पण खरेदीखतावर तिचंही नाव होतं. कर्जातून नाव काढणं वेगळं, मालकीतून काढणं वेगळं. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा लागतो. तिच्या अर्ध्या हिश्श्यावर, सात टक्क्यांनी, वकिलांनी मुद्रांक शुल्काचा हिशेब काढला तो दोन लाखांच्या वर गेला. लग्न टिकून असताना तोच हिस्सा तिने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिला असता, तर महाराष्ट्रात राहत्या घरावर मुद्रांक शुल्क २०० रुपये आणि वर स्थानिक अधिभार, एवढंच लागलं असतं. घटस्फोटानंतर ते पती-पत्नी राहिले नव्हते, सवलत गेली. ही रक्कम कुणी भरायची यावर पुन्हा दोन बैठका. शेवटी त्याने भरली, तिने पोटगीचे शेवटचे दोन हप्ते सोडले.

म्हणून आता संमतीच्या घटस्फोटासाठी कुणी आलं की मी आधी गृहकर्जाचं विचारते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब प्रमाणे अर्ज केल्यावर सहा महिने थांबावं लागतं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत माफ करता येते असं म्हटल्यापासून जो तो माफीच्या मागे. मी म्हणते, सहा महिने राहू द्या. त्या काळात दोघांनी मिळून बँकेत जा, एकट्याच्या पगारावर किती बसतं ते लेखी घ्या, दस्त कुठला आणि केव्हा करायचा ते वकिलांना विचारा, आणि मगच अटी लिहा. 'हप्ते तो भरेल' एवढं पुरत नाही. अमुक तारखेपर्यंत तिचं नाव कर्जातून निघेल, नाही निघालं तर घर विकायचं, असं लिहून घ्या. वकील कुरकुरतात. कुरकुरू देत.

मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला. सिबिलचा वर्षाचा फुकट रिपोर्ट तिने काढला होता. गृहकर्जासमोर आता 'क्लोज्ड' दिसतंय. थकलेल्या तीन हप्त्यांची नोंद मात्र तशीच आहे. स्कूटर अजून घेतलेली नाही. देवघर आणलंय, दोन खोल्यांत मावत नाही म्हणून गॅलरीत ठेवलंय.