92 टक्क्यांवर अडकलेला अर्क

प्रश्न : मी सोलापुरात एम.एस्सी. करते. डाळिंबाच्या सालीच्या मेथॅनॉल अर्काची डीपीपीएच चाचणी लावली (डीपीपीएच हे जांभळं रसायन; अर्कातली अँटिऑक्सिडंट त्याचा रंग किती टक्के घालवतात ते मोजायचं). 50, 100, 200, 400 मायक्रोग्रॅम प्रति मिलि, सगळीकडे 92-93 टक्केच येतात. शेवग्याच्या पाल्याचं उलटं. अर्क वाढवला की टक्के घसरतात. चुकतंय कुठे?

उत्तर : डाळिंबाचा अर्क तुम्ही फार दाट घेताय, एवढंच. साल प्युनिकॅलॅजिनसारख्या टॅनिननी भरलेली असते; 50 लाच नळीतलं सगळं डीपीपीएच संपतं. शंभर टक्के मात्र दिसत नाहीत, कारण जांभळा रंग गेल्यावर उरणारं पिवळं संयुगही 517 नॅनोमीटरला (ज्या तरंगलांबीवर आपण रंग मोजतो) थोडं रीडिंग देतं. 1, 2, 4, 8, 16, 32 अशी मालिका लावा. 50 टक्क्यांच्या खाली दोन आणि वर दोन बिंदू मिळाल्याशिवाय आयसी50, म्हणजे निम्मं डीपीपीएच संपवणारी तीव्रता, काढू नका. 1 मिलि अर्कात 3 मिलि डीपीपीएच घालत असाल तर नळीतली तीव्रता पावपट होते. तक्त्यात कोणती लिहिली ते स्पष्ट सांगा. परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवतात.

शेवग्यात घोळ हरितद्रव्याचा आहे. अर्काचा स्वतःचा रंग रीडिंगमध्ये मिसळतो. म्हणून प्रत्येक तीव्रतेला वेगळा ब्लँक लावा : तेवढाच अर्क, डीपीपीएचऐवजी नुसतं मेथॅनॉल. हे रीडिंग नमुन्यातून वजा करा, मग टक्के काढा.

डीपीपीएच 0.1 मिलिमोलर, म्हणजे 100 मिलि मेथॅनॉलमध्ये 3.94 मिलिग्रॅम, रोज ताजं करा, बाटलीला फॉइल गुंडाळा. नळ्या 30 मिनिटं अंधारात, बूच लावून. आपल्याकडच्या एप्रिलात उघड्या नळीतलं मेथॅनॉल बघता बघता उडतं, उरलेलं द्रावण दाट होतं आणि टक्के कमी भरतात. तुलनेसाठी अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाची (क जीवनसत्त्वाची) मालिका त्याच दिवशी, त्याच द्रावणावर लावा.

साल गच्चीवर उन्हात वाळवली असेल तर ती खेप बाजूला ठेवा. बारीक तुकडे सावलीत किंवा ओव्हनमध्ये 40 अंशांवर वाळवा. काळपट पडलेली साल म्हणजे फिनॉलं (टॅनिनसारखी अँटिऑक्सिडंट संयुगं) आधीच ऑक्सिडाइज झालेली.

प्रश्न : सांगोल्याला आमची डाळिंबाची बाग आहे. साल एवढी गुणकारी असेल तर रोज काढा घ्यावा का?

उत्तर : नको. वरची चाचणी नळीतली आहे. पोटात प्युनिकॅलॅजिन जसंच्या तसं रक्तात जात नाही. आतड्यातले जिवाणू त्यापासून युरोलिथिन बनवतात आणि ते माणसागणिक कमीजास्त होतं. त्यातून बागेच्या सालीवर फवारणीचे अंश असतात, ते वेगळंच. डाळिंबाचे दाणे खा.