अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १८६३ चा, मग कृष्णवर्णीय लोक १९ जूनला स्वातंत्र्य का साजरं करतात?

कारण ते कागदावरचं स्वातंत्र्य टेक्ससमध्ये पोचायला अडीच वर्षं लागली. लिंकनचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, पण टेक्सस तेव्हा यादवी युद्धात लिंकनच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांपैकी एक होतं, आणि तिथे तो अमलात आणायला त्या सरकारचं पुरेसं सैन्यच नव्हतं. १९ जून १८६५ ला टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरात सरकारी सैन्याच्या जनरल ग्रेंजरने हुकूम काढला, तेव्हा कुठे तिथल्या सुमारे अडीच लाख माणसांची सुटका कायद्याने जाहीर झाली. पुढच्याच वर्षापासून लोक हा दिवस पाळू लागले.

मला सगळ्यात भिडतं ते ह्यूस्टनचं. १८७२ मध्ये, कालपरवापर्यंत गुलाम असलेल्यांनी पैसे जमवून १० एकर जमीन विकत घेतली, हा दिवस हक्काच्या जागेत साजरा करता यावा म्हणून! ते इमॅन्सिपेशन पार्क आजही आहे. त्या दिवशी लाल सरबत आणि कलिंगड हवंच; लाल रंग पूर्वजांच्या सांडलेल्या रक्ताची आठवण, असं बरेच जण मानतात. देशभराची सरकारी सुट्टी मात्र थेट २०२१ मध्ये मिळाली.