गामेलान ऐकायला बसताना

सवाईच्या मांडवात तुझा कान तयार झालाय, म्हणूनच इंडोनेशियाचं गामेलान, म्हणजे तिथल्या धातूच्या ताल-सुरवाद्यांचा समूह, तुला आधी बेसूर वाटेल. थांब, ऐकत राहा. तिथे प्रत्येक वाद्यसंच स्वतःपुरता जुळवलेला असतो. बालीत तर जोडीतली दोन वाद्यं मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात ठेवतात, त्यानं नाद लाटेसारखा हलतो. मला आजही अंगावर काटा येतो!

सुरुवात जावाच्या संथ वादनानं कर. तिथे दोन स्वरसप्तकं भेटतील, म्हणजे सुरांच्या पट्ट्या: स्लेंद्रो पाच स्वरांची, पेलोग सात. पण पेटीवर ते स्वर शोधू नकोस, सापडणार नाहीत. मोठ्या घंटेकडे कान ठेव, आवर्तन तिच्यावर पुरं होतं, आपल्या समेसारखं. मग वायांग बघ, चामडी बाहुल्यांचा छायाखेळ. आपल्या कोकणातल्या पिंगुळी गावच्या ठाकर समाजाकडेही अशा बाहुल्या आहेत. अर्जुन, भीम जावातही भेटतील.