सुईदोरा : गोधडीला उठाव येत नाही

प्रश्न : मावशी, भाचीच्या बाळासाठी मशीनवर फ्री-मोशन (कापड हाताने हवं तसं फिरवत) गोधडी शिवली. वर नवं मलमल, मध्ये पॉलिएस्टर वॅडिंग (भरावाचा मऊ थर), खाली आईचं जुनं सुती लुगडं. गोधडीभर नागमोडी स्टिपलिंग (दाट वळणांची शिलाई) घातलं. दिसते बरी, पण हातात घेतली की पुठ्ठा! उठाव तर नावालाही नाही. फोटो सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, कराड

उत्तर : फोटो पाहिला. तुमच्या दोन ओळींमध्ये करंगळीसुद्धा शिरणार नाही. इतक्या दाट शिलाईखाली वॅडिंग दबून जातं. ते चारी कोपऱ्यांपर्यंत सारखंच दबल्यावर उठून दिसणार काय? कापड फुगतं ते टाके नसतील तिथे, आणि शेजारी दाट शिलाई असली की ती फुगी आणखी डोळ्यांत भरते. त्यामुळे नवी नक्षी शोधत बसण्याआधी, मोकळी जागा कुठे सोडायची ते खडूने आखून घ्या.

हातरुमालाएवढ्या तुकड्यावर करून बघा. मध्ये तळहाताएवढी कोयरी काढा. तिच्या कडेवरून एकदा शिवा आणि आत काही घालू नका. मोह होईल, तरी नको. आता बाहेरून तिच्याच आकाराच्या दोन-तीन ओळी फिरवा. मशीनच्या फुटाची (कापडावर टेकणाऱ्या भागाची) कड आधीच्या ओळीला टेकवत गेलात की अंतर आपोआप सारखं राहतं. त्यापलीकडे गोट्या भरा, म्हणजे शिलाईची छोटी गोल वर्तुळं एकमेकांना चिकटून काढा. एक गोटी शिवून झाली की तिच्याच कडेवरून अर्धा फेरा जास्त मारायचा आणि जिथे पोहोचाल तिथून पुढची सुरू करायची. दोरा तोडायची गरजच पडत नाही. लहान-मोठ्या गोट्या मिसळा. सगळ्या एका मापाच्या करायला गेलात तर एखादी जरी बिघडली तरी तीच दिसत राहते.

याहून जास्त उठाव हवा असेल तर ट्रापुंटो, म्हणजे नक्षीखाली जादा भराव घालायचं काम, करा. कोयरीच्या जागी वरच्या कापडाखाली वॅडिंगचा एक जादा तुकडा लावून फक्त बाह्यरेषा शिवायची. मग कापड उलटं करून रेषेबाहेरचं वॅडिंग बोथट टोकाच्या कात्रीने अगदी टाक्यालगत कापायचं. त्यानंतर नेहमीचं वॅडिंग आणि अस्तर लावून त्याच रेषेवरून पुन्हा शिवायचं आणि भोवती गोट्या भरायच्या. कोयरी अशी टपोरी होते की येणारा प्रत्येक जण बोट लावून बघतो. मात्र हे काम उशीच्या अभ्र्याला किंवा भिंतीवरच्या तुकड्याला शोभतं. अंथरुणात रोज लोळायच्या गोधडीला नको.

बाळाच्या गोधडीला दोन ओळींत दोन-अडीच इंच सोडा. आणि हो, आता शिवलेली उसवायच्या भानगडीत पडू नका. जीर्ण लुगड्याला सुईची भोकं आधीच अगदी दाट पडली आहेत, उसवताना ते फाटेल. बाळ रांगायला लागलं की जमिनीवर पसरायला तीच उपयोगी पडेल.

हात बसण्यासाठी आधी कागद घ्या. मोडी लिहिणारे जसे बोरू न उचलता अक्षरामागून अक्षर ओढत, तशी पेन न उचलता पानभर नक्षी काढायची. कागदावर जिथे अडाल, मशीनवरही बरोबर तिथेच अडाल.

प्रश्न : माझं जुनं काळं पायमशीन आहे. दाते (कापड पुढे सरकवणारे) खाली करायचा खटका नाही. फ्री-मोशन करायला बसले की खाली दोऱ्याचा गुंता होतो, आणि वळणावर मागच्या बाजूला पापण्यांसारखे फासे दिसतात.
– एक वाचक, पेण

उत्तर : दात्यांवर बसणारी डार्निंग प्लेट शिवणयंत्राच्या दुकानात विचारा. मशीन भरतकाम करणाऱ्या बायका दाते स्क्रू काढून सरळ उतरवतात. तुम्हीही मेकॅनिककडून एकदा शिकून घ्या. साधा फूट काढून डार्निंग फूट (कापड मोकळं फिरू देणारा) लावा.

गुंता बहुतेक वेळा एकाच कारणाने होतो : फूट खाली करायचं राहतं. डार्निंग फूट तसाही कापडापासून जरा वरच असतो, म्हणून कळत नाही. पण मागची दांडी खाली केल्याशिवाय वरच्या दोऱ्याला ताणच बसत नाही. सुरुवातीला बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या आणि पहिले काही टाके दोन्ही टोकं धरून ठेवा.

पापण्या दिसतात कारण वळण आलं की हात पळतो. पाय एका लयीत चालू द्या आणि वळणावर हात सावकाश फिरवा. तरी राहिल्या तर वरचं टेन्शन किंचित घट्ट करा. नजर सुईवर खिळवू नका, जिथे जायचं आहे तिथे ठेवा. सुई १४ नंबरची, नवी. रबरी ठिपक्यांचे हातमोजे घातले तर कापड हाताला चिकटून फिरतं.

आणखी एक. आमच्याकडे हातच्या वाकळेला काठापासून टाके घालत आत येतात. मशीनवर उलटं करा. सेफ्टी पिना वीतभर अंतरापेक्षा जवळ लावा आणि मधून बाहेर शिवत जा, नाहीतर सगळी झोळ मध्यभागी गोळा होते.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, मशीनची ती कसली गोधडी! काय सांगू त्यांना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हा वाद अमेरिकेतही झडून गेला. केंटकीतल्या पडुका इथल्या मोठ्या क्विल्ट (तिकडच्या गोधडी) प्रदर्शनात १९८९ साली कॅरिल ब्रायर फॉलर्ट यांच्या मशीनने क्विल्ट केलेल्या कामाला सर्वोत्कृष्ट ठरवलं गेलं. तोवर तिथे तो मान हातच्या टाक्यालाच मिळत होता. पण हे सासूबाईंना सांगून काही उपयोग नाही. मधली नक्षी तुम्ही मशीनवर करा, आणि कडेचा धावदोरा जाड पर्ल कॉटनने (पीळदार सुती दोऱ्याने) त्यांना घालू द्या. त्यांचा टाका तुमच्यापेक्षा सरळ येणार, एवढी तयारी ठेवा.